निवेदक : सोपवलेल्या शब्दाचा विश्वस्त

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

समारंभात वक्त्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत छापलेले असते, गायकाचे नाव फलकावर रंगवलेले असते आणि अध्यक्षांसाठी उंच पाठीची खुर्ची मांडलेली असते. निवेदकाच्या वाट्याला बहुधा ध्वनिक्षेपकाजवळचा एक कोपरा येतो. त्याचे नाव घेतलेच तर ते आभारप्रदर्शनात, मंडपवाल्याच्या आगेमागे घेतले जाते. तो अडखळला, चुकला किंवा फार बोलला, तरच लोकांचे त्याच्याकडे लक्ष जाते. असे असले तरी सभेची सुरुवात त्याच्या शब्दाने होते, एका विषयावरून दुसऱ्या विषयाकडे सभा त्याच्याच शब्दावर जाते आणि गडबड झाली तर लोक आधी त्याच्या आवाजाकडे कान लावतात.

या कामाची नावे अनेक आहेत. नभोवाणीवर कार्यक्रमाची घोषणा करतो तो उद्घोषक, बातम्या वाचतो तो वृत्तनिवेदक, मैदानावरचा खेळ शब्दांनी दाखवतो तो समालोचक आणि समारंभाचे धागे जुळवतो तो सूत्रसंचालक. कामे निराळी असली तरी या सर्वांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या तोंडचा शब्द बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचा नसतो. तो कोणीतरी त्यांच्याकडे सोपवलेला असतो आणि तिसऱ्याच कोणापर्यंत त्यांनी तो न सांडता पोचवायचा असतो. देवस्थानाच्या किंवा शाळेच्या विश्वस्ताकडे जशी इतरांची ठेव असते, तशी निवेदकाकडे इतरांच्या शब्दांची ठेव असते. त्या ठेवीचा हिशेब टाळ्यांवरून लागत नाही. ऐकणाऱ्याला काय समजले आणि त्याने पुढे काय केले, यावरून तो लागतो.

दवंडी आणि तिचा धडा

महाराष्ट्राच्या खेड्याला निवेदनाची ओळख नभोवाणीने करून दिली असे नाही. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी गावाला वार्ता कळे ती दवंडीने. हलगीवर थाप पडे आणि चावडीपाशी, वेशीपाशी, पाणवठ्यापाशी थांबून ‘ऐका हो ऐका’ अशी हाळी दिली जाई. सारा कधी भरायचा, देवी टोचणारा कधी येणार, यात्रेचा बाजार कोणत्या दिवशी भरणार, हे सर्व अशा रीतीने घरोघर पोचत असे. दवंडीचे तीन गुण आजच्या निवेदकानेही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. ती आधी थाप मारून कान तयार करी आणि मग शब्द सांगे. एका वेळी एकच निरोप देई. आणि तोच निरोप त्याच शब्दांत ठिकठिकाणी पुन्हा सांगे.

मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दवंडी देणे, निरोप पोचवणे, सरकारी कामासाठी धावपळ करणे ही कामे वतनाच्या नावाखाली महार समाजाच्या माथी मारलेली होती. ज्याचा आवाज सारे गाव ऐकत असे, त्यालाच चावडीत बसून आपले म्हणणे मांडण्याची मोकळीक नव्हती. या वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, 1958 मध्ये झाला. दवंडीतून निरोप वरून खाली येत असे. खालचे म्हणणे वर नेण्याची सोय तिच्यात नव्हती. ही उणीव भरून निघाली की नाही, हा प्रश्न नभोवाणी, दूरदर्शन आणि आजची ग्रामसभा या तिन्हींना विचारता येण्यासारखा आहे.

न दिसणाऱ्या श्रोत्याशी संवाद

23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. 1936 मध्ये या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले आणि 1957 पासून आकाशवाणी हे नाव देशभर रूढ झाले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबर रोजी विविध भारतीची सेवा सुरू झाली. या काळात निवेदन हे स्वतंत्र शिस्तीचे काम म्हणून घडत गेले.

नभोवाणीच्या निवेदकाला श्रोता दिसत नाही. समोरच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटले तर वक्ता थांबून खुलासा करू शकतो. निवेदकाला ती सोय नाही. वृत्तपत्राचा वाचक न समजलेले वाक्य पुन्हा वाचतो, तसे श्रोत्याला करता येत नाही. स्टुडिओतील लाल दिवा लागला की उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. म्हणून नभोवाणीसाठी लिहिलेली वाक्ये आखूड असतात, कर्त्यापासून क्रियापद फार दूर जात नाही आणि एका वाक्यात एकाहून अधिक आकडे शक्यतो येत नाहीत. मजकूर आधी मोठ्याने वाचून पाहायचा, अनोळखी गावांच्या व माणसांच्या नावांचे उच्चार विचारून घ्यायचे, पाने टाचणीने न जोडता सुटी ठेवायची म्हणजे उलटताना कागद वाजत नाही, अशा लहानसहान सवयींवर हे काम उभे असते.

पुणे केंद्रावरून सकाळच्या प्रादेशिक बातम्या वाचणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज महाराष्ट्रातील असंख्य घरांत ओळखीचा झाला, तो अशाच शिस्तीमुळे. बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे समालोचन मराठीतून केले, तेव्हा धावचीत, यष्टिरक्षक, षटक अशा शब्दांनी ज्यांनी कधी मैदान पाहिले नव्हते त्यांच्याही डोळ्यांपुढे खेळ उभा राहू लागला. परकी संज्ञा तशीच फेकून देण्याऐवजी ऐकणाऱ्याच्या भाषेत ती रुजवण्याचे कष्ट समालोचकाने घेतले, हे त्यामागचे मर्म होय.

सोप्या भाषेचा विचार करताना आणखी एका मुंबईकराचे उदाहरण शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाचे निवेदक अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत निवर्तले. ‘बहनो और भाइयो’ ही त्यांची साद देशाच्या कानाकोपऱ्यात पोचली होती आणि तीत बहिणींचा उल्लेख आधी होता. त्यांच्या भाषेचा उगम मात्र चित्रपटसंगीतात नव्हता. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढ साक्षरतेच्या कार्यकर्त्या होत्या. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवीत. महात्मा गांधींच्या प्रेरणेने त्यात साधी हिंदुस्थानी भाषा वापरली जाई आणि ते देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. या कामात आईला हातभार लावताना अमीन सयानींच्या हाताला सोप्या शब्दांचे वळण लागले. नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाला कळेल असे लिहिण्याचा सराव पुढे कोट्यवधी श्रोत्यांना कळेल असे बोलण्याच्या कामी आला. साक्षरता वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाच्या अंगीही निवेदकाचे बीज असते, असा याचा अर्थ आहे.

पुण्याचा 1956 चा प्रयोग

निरोप फक्त वरून खाली यावा, की खालूनही वर जावा, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. 1956 च्या सुरुवातीस आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या परिसरात ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. कॅनडातील शेतकरी श्रोतागटांची कल्पना त्यामागे होती. पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावे त्यासाठी निवडण्यात आली. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक अशी रचना होती. आठवड्यातून दोनदा, याप्रमाणे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. कार्यक्रम संपला की मंडळातील लोक त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे या योजनेचे सूत्र होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्यावरील जगदीशचंद्र माथुर आणि पॉल नॉयराथ यांचा अहवाल युनेस्कोने 1959 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या माहितीत, नुसताच रेडिओ असलेल्या किंवा रेडिओ नसलेल्या गावांच्या तुलनेत, ठळक वाढ झाल्याचे त्यात दिसून आले. निष्कर्षाचा हा भाग ग्रामपंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावा. रेडिओ दोन्ही ठिकाणी होता, कार्यक्रमही तेच होते. फरक पडला तो ऐकल्यावर बोलण्याची संधी मिळाली म्हणून. पुढे 1959 पासून ही योजना देशातील इतर केंद्रांवरही विस्तारण्यात आली.

असाच अनुभव काही वर्षांनी दूरदर्शनच्या बाबतीत आला. मुंबई दूरदर्शनवर आकाशानंद यांनी सादर केलेल्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली आणि पाहिलेल्या विषयावर आपापल्या वस्तीत काम सुरू केले. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारखी सामुदायिक नभोवाणी केंद्रे स्थानिक बोलीत, स्थानिक माणसांच्या तोंडून हेच सूत्र पुढे नेत आहेत. निवेदक आणि श्रोता यांच्यात ये-जा सुरू झाली की निवेदनाला लोकशिक्षणाचे रूप येते.

चेहरा दिसू लागल्यावर

दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी दूरदर्शनचा प्रारंभ झाला आणि मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. निवेदकाला आता चेहरा मिळाला. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे या दोन थोर अभिनेत्रींनी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचल्या. अभिनय ज्यांच्या रक्तात होता त्यांनीही बातमी वाचताना अभिनय बाजूला ठेवला, हे त्या काळच्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. जून 2022 मध्ये दिवंगत झालेले प्रदीप भिडे यांनी तर अनेक वर्षे मराठी वृत्तनिवेदनाचा एक मापदंडच निर्माण केला. बातमी आनंदाची असो वा दुःखाची, आवाज ठाम, उच्चार स्वच्छ आणि मुद्रा संयत. बातमीवर काय वाटून घ्यायचे हे ठरवण्याचा प्रेक्षकाचा अधिकार अशा निवेदनात अबाधित राहतो.

संयमाची सर्वांत मोठी कसोटी 31 जानेवारी 1948 रोजी लागली होती. महात्मा गांधींच्या अंत्ययात्रेचे आकाशवाणीवरील इंग्रजी समालोचन मेलव्हिल डिमेलो यांनी सुमारे सात तास केले. ज्या घटनेने स्वतः निवेदकही हादरलेला होता, तिचे वर्णन त्याला शोक करीत बसलेल्या देशासाठी करायचे होते. भावना दाबून टाकणे आणि भावनेच्या आहारी जाणे या दोहोंच्या मधली वाट त्यांना शोधावी लागली. आजच्या काही वाहिन्यांवर चढ्या आवाजात, घाईघाईने आणि एकाच वाक्यात तीन विशेषणे घालून बातमी सांगितली जाते. तेव्हा श्रोत्यापर्यंत बातमी कमी आणि सांगणाऱ्याची खळबळ अधिक पोचते.

व्यासपीठ आणि ग्रामसभा

सार्वजनिक समारंभातील सूत्रसंचालन हीदेखील महाराष्ट्रात जोपासली गेलेली कला आहे. मुलाखती आणि सूत्रसंचालन यांसाठी सुधीर गाडगीळ यांचे नाव घराघरांत पोचले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर घडलेले आनंद देशमुख यांचे निवेदन सवाई गंधर्व महोत्सवाचा एक भागच झाले. रागाचे नाव, कलाकाराचे घराणे, साथीदारांची नावे आणि आवश्यक तेवढी पार्श्वभूमी सांगून निवेदक बाजूला होतो व व्यासपीठ गायकाच्या स्वाधीन करतो. श्रोते गाणे ऐकायला आलेले आहेत, याचा विसर त्याला पडत नाही.

हा विसर आपल्या शासकीय आणि ग्रामीण समारंभांत मात्र वारंवार पडतो, हे मान्य केले पाहिजे. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, एकेका पाहुण्याच्या नावामागे लावलेली पाच-पाच विशेषणे आणि दोन घोषणांच्या मध्ये पेरलेल्या चारोळ्या यांत पहिला तास निघून जातो. कोणाचे नाव राहिले म्हणून रुसवा होऊ नये, ही निवेदकाची अडचण खरी असते. परंतु शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याची किंमत थोडक्यात चुकती होते. मुलांच्या नाटुकलीला वेळ उरत नाही. ग्रामसभेत मात्र ही किंमत फार मोठी असते.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची प्रथा महाराष्ट्रात रुळलेली आहे. ध्वजवंदन होते, सत्कार होतात, मनोगते होतात. मागील सभेचे इतिवृत्त कोणालाही नीट ऐकू येणार नाही अशा वेगाने वाचले जाते. प्रत्यक्ष विषयपत्रिका हाती घेतली जाते, तेव्हा उन्हे चढलेली असतात आणि बायामाणसे घरच्या कामासाठी उठू लागलेली असतात. मग मागच्या रांगेतून एखादी बाई पाणीपुरवठ्याच्या नळाबद्दल विचारते. तिच्या हाती ध्वनिक्षेपक नसतो. व्यासपीठावरून उत्तर येते ते मात्र कर्ण्यातून साऱ्या गावाला ऐकू जाते. प्रश्न कोणी ऐकलेला नसतो, उत्तर सर्वांनी ऐकलेले असते. इतिवृत्तात फक्त उत्तराचीच नोंद होते. दवंडीच्या काळातील उणीव ती हीच.

यावर उपाय सोपा आहे आणि त्यासाठी पैसा लागत नाही. प्रश्न विचारला गेला की निवेदकाने तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ध्वनिक्षेपकावरून पुन्हा सांगावा. ‘असेच विचारायचे होते ना?’ अशी खात्री करून घ्यावी आणि मगच उत्तरासाठी सरपंचांकडे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे ध्वनिक्षेपक द्यावा. इतिवृत्त सावकाश वाचावे. ठराव झाला की तो लिहून घेतलेल्या शब्दांत सभा संपण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. त्या सभेत काय ठरले, हे तेथे उपस्थित असलेल्या एखाद्या भगिनीनेच ग्रामसभेत वाचून दाखवावे. एवढे केले तर ध्वनिक्षेपक व्यासपीठाचा न राहता सभेचा होईल.

संकटाच्या वेळी

निवेदनातील चूक समारंभात खटकते, पण संकटात ती प्राणावर बेतू शकते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्याची सूचना गावात फिरणाऱ्या गाडीवरून दिली जाते. ‘धरणातून पन्नास हजार क्युसेक विसर्ग सुरू करण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ ही सूचना कागदावर बिनचूक आहे. परंतु एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर पाणी, हे काठावरच्या कुटुंबाला ठाऊक नसते आणि सतर्क राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हेही त्या वाक्यात नसते. त्याऐवजी ‘आज रात्री दहा वाजता धरणाचे दरवाजे उघडणार आहेत. पाणी पहाटेपर्यंत आपल्या गावात येईल. खालच्या आळीतील लोकांनी अंधार पडण्यापूर्वी जनावरे सोडून वरच्या शाळेत यावे’ असे सांगितले, तर वेळ, जागा आणि कृती या तिन्ही गोष्टी कळतात.

लोकांच्या मनात आधीच असलेले माप वापरणे हा यातला सर्वांत चांगला मार्ग होय. सांगलीकरांना कृष्णेचे पाणी क्युसेकमध्ये नव्हे, तर ‘आयर्विनला किती फूट’ या मापात कळते. ज्या लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन केले, त्यांच्याच नावाचा हा पूल आहे. तेथे 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधाऱ्याजवळचे 39 आणि 43 फूट हे आकडे असेच लोकांच्या तोंडी आहेत. प्रत्येक नदीकाठच्या गावात घाटाची एखादी पायरी, देवळाचा ओटा किंवा जुना वृक्ष असे माप असतेच. निवेदकाने ते माहीत करून घ्यावे.

गर्दीच्या ठिकाणी तर शब्दाच्या एका अक्षरालाही वजन येते. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पादचारी पुलावर भर पावसात चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचे प्राण गेले. कोणाची तरी फुले पडली, तेव्हा ‘फूल गिर गया’ हे शब्द गर्दीत ‘पुल गिर गया’ असे ऐकले गेले आणि घबराट उडाली, असे बचावलेल्या एका प्रवाशाने सांगितल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. 15 फेब्रुवारी 2025 रोजी महाकुंभाच्या काळात नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरीत 18 जण मृत्युमुखी पडले. ‘प्रयागराज एक्स्प्रेस’ आणि ‘प्रयागराज स्पेशल’ या सारख्या नावांच्या गाड्यांच्या घोषणेने प्रवाशांचा गोंधळ झाला, असे दिल्ली पोलिसांच्या प्राथमिक माहितीत म्हटले होते. रेल्वेकडून पुढे वेगळे कारणही सांगण्यात आले. कारणांचा अंतिम निवाडा काहीही असो, दोन सारखी नावे एकापाठोपाठ उच्चारताना दोहोंतील फरक आधी ठळकपणे सांगावा, हा बोध प्रत्येक यात्रा समितीने घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्राच्या यात्रा-जत्रांत निवेदन कक्ष असतो. हरवलेल्या मुलाचे वर्णन, पायऱ्यांवर थांबू नये अशा सूचना, वाहनतळाची दिशा हे सर्व तेथून सांगितले जाते. त्या कक्षात बसणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. आपला आवाज कधीही चढवू नये, कारण घाबरलेला आवाज ऐकून गर्दी घाबरते. ‘पळा’, ‘धावा’ यांसारखे शब्द उच्चारू नयेत. ‘सावकाश उजवीकडे चला’ असे काय करायचे ते सांगावे. आणि खात्री नसलेली गोष्ट, ती कितीही मोठ्या माणसाने चिठ्ठीवर लिहून पाठवलेली असली तरी, पोलिसांकडून किंवा व्यवस्थापकांकडून पडताळल्याशिवाय वाचू नये.

यंत्राचा आवाज

26 मे 2024 रोजी दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीने ‘एआय कृष’ आणि ‘एआय भूमी’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे दोन निवेदक सादर केले. ते न थकता, न अडखळता, अनेक भाषांत बोलू शकतात. रेल्वे स्थानकांवरील बहुतेक घोषणाही आता ध्वनिमुद्रित तुकडे जोडून संगणकाद्वारे होतात. हवामान, बाजारभाव, गाड्यांच्या वेळा अशी नित्याची माहिती वेळेवर पोचवण्यासाठी या साधनांचा उपयोग निश्चितच होईल आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही.

परंतु निवेदकाचे काम उच्चारापाशी संपत नाही. हाती आलेला कागद चुकीचा आहे हे ओळखून थांबणे, समोरची गर्दी अस्वस्थ झाली आहे हे पाहून शब्द बदलणे, मागच्या रांगेतील बाईचा हात वर आहे हे पाहून अध्यक्षांना त्याची आठवण देणे, ही त्याच कामाची अंगे आहेत. चूक झाली तर ‘ही चूक निवेदनाची होती, योग्य माहिती अशी आहे’ असे सांगून ती दुरुस्त करण्याची जबाबदारीही त्यात येते. यंत्राच्या आवाजामागे उत्तरदायी असा कोणीतरी माणूस उभा असलाच पाहिजे. तो कोण, हे प्रत्येक कार्यालयाने आणि पंचायतीने ठरवून ठेवावे.

गावोगावी करता येण्याजोगे काम

निवेदक जन्मावा लागतो असा एक समज आहे. आकाशवाणीच्या इतिहासावरून तो खरा वाटत नाही. निवेदक घडवावा लागतो. शाळेच्या परिपाठात बातम्या वाचण्याचे काम नेहमीच्या हुशार मुलांकडेच न देता पाळीपाळीने सर्वांना द्यावे. वाचून झाल्यावर ऐकणाऱ्या मुलांना बातमीत काय होते ते विचारावे. उत्तर चुकले तर ऐकणाऱ्याला दोष न देता वाचणाऱ्याने वाक्य सुधारून पुन्हा वाचावे. दोन-तीन वर्षांत अशा शाळेतून गावाला पाच-सहा चांगले निवेदक मिळतील. त्यांत मुली असाव्यात, तसेच गावात बोलली जाणारी पावरी, कोरकू, गोंडी किंवा अन्य बोली ज्यांच्या घरची आहे अशी मुलेही असावीत. सूचना ज्या भाषेत स्वप्ने पडतात त्या भाषेत ऐकली, तर ती लवकर उमजते.

ग्रामपंचायतीने गावाच्या सूचनांसाठी दोन किंवा तीन ठरावीक आवाज निश्चित करावेत. संकटकाळी गावकरी ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवतात, हा अनुभव आहे. पूर, आग, साथ यांविषयीच्या सूचनांचे मसुदे पावसाळ्यापूर्वीच तयार करून ते गावातील चार-दोन वृद्धांना व मुलांना वाचून दाखवावेत. त्यांना जे कळले नाही ते बदलावे. कर्ण्याचा आवाज शेवटच्या वस्तीपर्यंत पोचतो की नाही हे पाहावे आणि पोचत नसेल तर तेथे सायकलवरून निरोप नेणारा माणूस नेमून ठेवावा.

नभोवाणीचे प्रक्षेपक, उपग्रह, मोबाईल फोन अशी साधने बदलत राहतील. या शतकाच्या प्रवासात निवेदकाच्या हातातील साधने अनेकदा बदलली आणि पुढेही बदलतील. हलगीवरची थाप जाऊन लाल दिवा आला, लाल दिवा जाऊन पडदा आला. कायम राहिले ते एवढेच की, एका टोकाला सांगणारा असतो, दुसऱ्या टोकाला ऐकणारा असतो आणि मध्ये एक माणूस दोघांचाही शब्द सांभाळीत उभा असतो. येत्या ग्रामसभेत मागच्या रांगेतला प्रश्न कर्ण्यातून साऱ्या गावाने ऐकला, तर त्या दिवशी त्या गावातील निवेदकाने आपल्याकडची ठेव चोख परत केली, असे म्हणता येईल.